पाठीचा कणा आणि पांडुरंग
(मंगरूळपीर येथील कीर्तनातील निरूपण)



अभंगाची चरणं आपण सगळ्यांनी टाळमृदंगाच्या साथीत म्हटली. आज सेवेसाठी घेतलेल्या अभंगात भगवंताच्या रूपाचं वर्णन आहे. संतांनी या रूपाचं वर्णन करताना काही शिल्लक ठेवलं नाही. मुखाचं वर्णन केलं, कानातल्या कुंडलांचं केलं, गळ्यातल्या तुळशीमाळेचं, कमरेच्या पितांबराचं, विटेवरच्या पावलांचं केलं. समोर उभं राहिल्यावर जे जे दिसतं ते सगळं आलं. मला आज थोडं मागच्या बाजूनं जायचं आहे. देवाची पाठ कुणी पाहिली का हो? तासन्‌तास रांगेत उभं राहायचं, पायावर डोकं टेकवायचं, टेकवलं न टेकवलं तोच मागचा ढकलतो आणि आपण बाहेर. पाठ कुणी पाहात नाही. पण पाठ आहे म्हणून तर तो उभा आहे! शेषावर निजलेलं रूप आहे, सिंहासनावर बसलेलं रूप आहे. पण आपल्या पंढरीनाथाचं वैशिष्ट्य काय? तो उभा आहे. पुंडलिकानं वीट फेकली, उभा राहा म्हणाला, आणि हा उभा राहिला. अठ्ठावीस युगं झाली, 'जरा टेकतो रे पुंडलिका' असं एकदाही म्हणाला नाही.

आता तुम्हाला विचारतो. इथं बसलेल्यांत पाठ कुणाकुणाची दुखते? लाजू नका, हात वर करा. (हशा) पाहा, मृदंगवाल्यानंही हात वर केला! मायमाउलींचे हात जास्त आहेत. साहजिक आहे. कपाशी वेचायची ती वाकून, निंदण करायचं ते वाकून, सोयाबीन सोंगायचं ते वाकून, घरी येऊन झाडायचं तेही वाकून. आणि हमाल मंडळींचे हात दिसतात. तुरीचं पोतं, सोयाबीनचं पोतं ट्रकवर चढतं ते कुणाच्या पाठीवरून चढतं? आपल्या भागातलं सगळं धान्य आधी माणसाच्या पाठीवर बसतं, मग गाडीत बसतं.

म्हणून आज पाठीवर बोलायचं.

आपल्या बोलीत पाठ किती आहे पाहा. मदत करणारा असला तर म्हणतो, तो माझ्या पाठीशी आहे. सोडून गेला तर म्हणतो, त्यानं पाठ फिरवली. रणातून पळाला तर पाठ दाखवली. चांगलं काम केलं की पाठ थोपटली. आपल्यानंतर जन्मला तो पाठचा भाऊ. नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत जाते ती पाठराखीण. उपाशी माणसाचं पोट पाठीला लागलं. मोठ्यानं झोडपलं तर गरीब हात जोडून काय म्हणतो? पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका. आणि वारकऱ्याचं काय? हरिपाठ! (हशा) हा पाठ वेगळा, पण तोंडात तोच शब्द आहे. हे सगळं आपल्या आजी-आजोबांनी ठरवलं. त्यांनी डॉक्टरकीचं पुस्तक पाहिलं नव्हतं. पण माणसाचं धैर्य, माणसाची माया आणि माणसाचं दुखणं, तिन्ही एकाच जागी राहतात हे त्यांना कळलं होतं.

आता ती जागा कशी आहे ते पाहू. पाठीचा कणा म्हणजे एक सरळ हाड, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तेहेतीस मणके आहेत. मानेचे सात. पाठीचे बारा. कमरेचे पाच. त्याखाली पाच मणके जुळून एक झालेलं त्रिकोणी हाड. आणि शेवटी चार बारके मणके मिळून माकडहाड. जिराफाची मान एवढी लांब, तिच्यातही मणके सातच बरं का! देवानं हिशोब सारखा ठेवला, लांबी तेवढी वेगळी दिली. मणक्यांची ही माळच आहे. मणी आणि मणका, शब्दसुद्धा सख्खे भाऊ. जपाच्या माळेला वर मेरुमणी असतो, आणि योगी लोक कण्याला मेरुदंड म्हणतात. मेरु म्हणजे पर्वत. ज्याच्या आधारावर सगळं तोललेलं आहे तो.

आता यातली गंमत ऐका. मणक्या-मणक्याच्या मध्ये एक गादी आहे. मऊ, पाणी धरून ठेवणारी. दिवसभर आपण उभं राहतो, चालतो, ओझं उचलतो, तेव्हा ती गादी दबते, तिच्यातलं पाणी कमी होतं. रात्री आडवं झालं की ती पुन्हा भरते. त्यामुळं माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटरनं उंच असतो. काकड्याला उंच, हरिपाठाला बुटका! (हशा) खोटं नाही सांगत. आणि ह्या सगळ्या मणक्यांच्या आतून एक पोकळ वाट गेली आहे. त्या वाटेत काय आहे? मज्जारज्जू. करंगळीएवढा जाड, हातभर लांब, लोण्यासारखा नाजूक. त्यातून नसांच्या एकतीस जोड्या बाहेर पडतात. पायाला काटा रुतला तर निरोप याच वाटेनं वर जातो. 'पाय उचल' हा हुकूमही याच वाटेनं खाली येतो. बाळाच्या गालाला हात लावला, तो मऊपणा कळला, तोही इथूनच वर गेला.

म्हणजे बाहेरून हाड आणि आतून लोणी. कठीण आहे ते कशासाठी? आतल्या मऊ वस्तूला धक्का लागू नये म्हणून. मायबाप, मला हे फार मोलाचं वाटतं. 'याला कणा आहे' असं आपण कुणाबद्दल म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यासमोर कोण येतो? जो वाकत नाही, ऐकत नाही, कुणाला जुमानत नाही. मी म्हणतो, तो कणा नव्हे, ती पहार आहे. पहार वाकत नाही. पण पहारीला काही कळतही नाही. तुम्ही तिच्यावर घण घाला की फूल ठेवा, तिला सारखंच. कणा तुकड्यातुकड्यांचा आहे म्हणून तर ताठ राहूनही वाकतो. एकच हाड असतं तर तुम्हाला देवाच्या पायाशी डोकं नेता आलं असतं का? बापाच्या पायाला हात लावता आला असता का? लेकराला कडेवर घेता आलं असतं का?

(विठ्ठल विठ्ठल गजर)

ज्ञानोबारायांच्या पाठीची कथा तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि घरी जातो. आळंदीत ही चार भावंडं. संन्याशाची पोरं म्हणून गावानं टाकलेली. आईबाप देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेलेले. घरात कर्तं कोण? थोरले निवृत्तिनाथ, आणि तेही लेकरूच. अशा घरात एक दिवस निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई धाकटी. ती कुंभारवाड्यात खापर आणायला गेली. विसोबा नावाचे गृहस्थ या भावंडांचा राग राग करणारे. त्यांनी कुंभारांना बजावलं, हिला खापर द्यायचं नाही. पोर रिकाम्या हातानं रडत घरी आली. ज्ञानोबांनी पाहिलं. मग ते ओणवे झाले, योगाग्नी पेटवला, पाठ लाल झाली आणि म्हणाले, मुक्ते, भाज मांडे.

आता इथं मी थांबतो. ज्ञानेश्वर महाराज नाथपंथातले. आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञाननाथ. तुमच्या मंगरूळपीरला हे वेगळं सांगायला नको. बिरबलनाथ महाराजांचं स्थान तुमच्या गावात, आणि गावाच्या नावातच पीर. नाथ आणि पीर एका वेशीत नांदतात असं हे गाव. तर नाथपंथाची सगळी साधना कुठं चालते? याच मेरुदंडात. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. आसन कसं घालावं, कणा सरळ कसा ठेवावा, कुंडलिनी कशी जागी होते, सुषुम्नेच्या वाटेनं वर कशी चढते, हे माउलींनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं आहे. मोठमोठे योगी गुहेत बसून वर्षानुवर्षं ह्या एका अग्नीसाठी झुरतात. तो अग्नी ज्ञानोबांनी जागा केला, तो कशासाठी वापरला? लहान बहिणीचे मांडे भाजायला!

योगशास्त्राची एवढी थोर विद्या, आणि तिचं काम स्वयंपाकाचं. मला विचाराल तर सहाव्या अध्यायावरचं सगळ्यात मोठं भाष्य हेच आहे. विसोबांचा सूड घ्यायला तो अग्नी वापरला नाही. आळंदीला भस्म करायला वापरला नाही. रडणारी पोर गप्प व्हावी एवढ्यासाठी पाठ तव्यासारखी तापवली. धैर्य आहे का यात? आहे. माया आहे का? तीच तर मूळ. आणि वेदना? कथेकरी लोक तेवढं सांगत नाहीत. पण जी पाठ मांडे भाजण्याइतकी तापली ती पाठ माणसाची होती, खापराची नव्हती.

विसोबांनी हे पाहिलं आणि त्यांचा अभिमान गळाला. तेच पुढं विसोबा खेचर झाले, आणि आपल्या शेजारच्या औंढ्या नागनाथाला नामदेवरायांचे गुरू झाले. बघा, एका पाठीची ऊब कुठपर्यंत गेली! नामदेवरायांचं पुढचं एक काम याच हाडांशी जोडलेलं आहे. चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करत होते. आपल्या वऱ्हाडातल्या मेहुणा राजाचे ते, असं आपण अभिमानानं सांगतो. पण जिवंतपणी त्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही हे सांगताना मान खाली जाते, गेलीच पाहिजे. कुसू कोसळलं. मजूर गाडले गेले. साल १३३८. नामदेवराय हाडं गोळा करायला गेले. ढिगाऱ्यात कुणाची कोणती हाडं हे कसं ओळखावं? नामदेवरायांनी हाडाला कान लावला. ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती हाडं चोखोबांची. ती पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंत पाठीवर गावानं दगडमातीचं ओझं दिलं, आणि त्याच हाडांपुढं आज आपण आधी माथा टेकतो, मग आत जातो.

(गजर)

ह्या जुन्या कथा झाल्या. कुणी तरुण म्हणेल, महाराज, ते संत होते, अवतारी होते, आमच्यासारख्याचं सांगा. ठीक आहे. तुमच्या-माझ्या विदर्भातलं सांगतो. ज्यांना पाहिलेली माणसं इथं मांडवातही असतील.

हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ ला एक लेकरू जन्मलं. मुरलीधर देविदास आमटे. जमीनदाराचं घर, वकिलीचं शिक्षण, शिकारीचा आणि मोटारीचा शौक. अंगात भीती नावाची गोष्ट नाही. रेल्वेत गोरे शिपाई एका नव्या नवरीची छेड काढत होते तेव्हा हा एकटा आडवा गेला, मार खाल्ला, पण हटला नाही. गांधीजींनी नाव दिलं, अभयसाधक. पुढं वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैल्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन पाहिली. असा हा ताठ कण्याचा माणूस. आणि एका पावसाळी संध्याकाळी गटाराजवळ एक गठुडं दिसलं. हाताला बोटं नाहीत, चेहरा झडलेला, अंगात किडे पडलेले. तुळशीराम नावाचा महारोगी. आणि ज्यानं गोऱ्या शिपायांना पाठ दाखवली नव्हती तो अभयसाधक घाबरून घराकडे पळाला.

इथं नीट लक्ष द्या. बाबा आमट्यांचं मोठेपण आनंदवनात सुरू होत नाही. ते या पळण्यातही नाही. ते परत फिरण्यात आहे. घरी गेले, झोप लागेना. परत आले, त्या माणसावर तट्ट्याचा आडोसा केला, त्याला भरवलं, त्याची सेवा केली. तो त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. त्यानंतर या माणसानं वकिली सोडली. कलकत्त्याला जाऊन महारोगाचं शिक्षण घेतलं. औषध शोधायला जंतू वाढवून पाहायचे होते, तर हा म्हणाला, माझ्या अंगात टोचा. १९४९ साली महारोगी सेवा समिती. वरोऱ्याजवळ खडकाळ जागा, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये, असं आनंदवनाचं भांडवल सांगतात. सोबत साधनाताई.

महारोग म्हणजे काय असतो, मायबाप? लोक समजतात बोटं झडणं. ते नंतरचं. आधी नस मरते. दुखणंच कळत नाही. हात विस्तवावर पडला तरी कळत नाही, पायात खिळा गेला तरी कळत नाही, म्हणून जखम चिघळते आणि बोट जातं. म्हणजे ज्यांना वेदना होत नाही अशा लोकांची सेवा या माणसानं हाती घेतली. आणि देवाचा हिशोब बघा, त्याच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं? पाठीच्या कण्याचं दुखणं. असं दुखणं की बसता येत नाही. एक तर उभं राहायचं, चालायचं, नाही तर आडवं पडायचं. मानेला पट्टा, कमरेला पट्टा. तुम्ही-आम्ही दोन मिनिटं बसून दम घेतो, तेवढी सोय या माणसाला वर्षानुवर्षं नव्हती.

मग हा माणूस आडवा पडून राहिला का? डिसेंबर १९८५. देशात माणूस माणसाला मारत होता, पंजाब पेटला होता. सत्तरी ओलांडलेले बाबा निघाले कन्याकुमारीहून काश्मीरकडे. भारत जोडो. तरुण पोरं-पोरी सायकलींवर, आणि बाबा गाडीत बिछान्यावर आडवे. गाव आलं की उभे राहायचे, बोलायचे, पुन्हा आडवे. तीन वर्षांनी पुन्हा निघाले, अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. मग १९९० ला नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले, बुडणाऱ्या गावांसाठी. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात देह ठेवला, तेव्हा तो देह मातीतच ठेवला आणि वर झाड लावलं.

कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत हा देशाचा कणाच झाला ना? तो जोडायला कोण निघालं? ज्याचा स्वतःचा कणा जागेवर नव्हता तो. बाबा काही टाळ घेऊन दिंडीत चालणारे नव्हते. पण ज्याला बसता येत नाही आणि जो दुसऱ्यासाठी उभा राहतो, त्याचं नातं विटेवरच्याशी कसं नाही म्हणायचं?

आता आपल्या घरात येतो. एका गावात कीर्तन झाल्यावर एक म्हातारी मला भेटली. कमरेतून इतकी वाकलेली की तिला माझा चेहरा पाहायला मान तिरपी करावी लागली. म्हणाली, "महाराज, पाठ लयच दुखते. पण माळ घातल्यावर दुखते म्हणावं का? मागच्या जन्माचं भोगून टाकावं म्हणते." मायबाप, मला हा विचार पटत नाही, आणि तो मी प्रत्येक ठिकाणी बोलून दाखवतो. प्रारब्ध आहे, मी नाकारत नाही. पण प्रारब्धाच्या नावाखाली घरातलं दुखणं घरातल्या घरात दाबून ठेवायचं, हे कोणत्या संतानं सांगितलं? तुकोबारायांनी आपली भूक लपवली नाही, दुष्काळ लपवला नाही, बायको अन्नावाचून गेली हेही लपवलं नाही. देवाजवळ रडले, भांडले. जनाबाईनं कष्ट लपवले नाहीत, म्हणून तर देव दळायला आला. न सांगता आला असता का?

त्या म्हातारीच्या पाठीचं कारण मागच्या जन्मात शोधायची गरज नव्हती. उतारवयात बाईची हाडं ठिसूळ होतात, मणके दबतात, पाठीला बाक येतो. खाण्यात दूध नाही, नाचणी नाही, सगळ्यांना वाढून उरलं ते तिनं खाल्लं. हा हिशोब याच जन्मातला आहे आणि तो तिच्या एकटीचा नाही, तिच्या ताटाकडे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्या सगळ्यांचा आहे.

आणि पुरुषांचं तर आणखी अवघड. बाई निदान सांगते तरी. आमचा शेतकरी बाप्पा सांगतच नाही. कपाशीला बोंडअळी लागली, सोयाबीनचा भाव पडला, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. पाठीवर पोतं असलं तर दिसतं. हे ओझं दिसत नाही. पारावर विचारलं, काय म्हणते पाटील? 'मजेत!' घरी बायकोनं विचारलं, काऊन जेवत नाही? 'भूक नाही.' असा माणूस बाहेरून ताठ दिसतो आणि आतून खचत असतो. आपल्या विदर्भात किती घरांत हे घडलं ते मी आकड्यात सांगत नाही. आकडे पेपरात येतात. तुमच्या-माझ्या ओळखीची माणसं आहेत ती, त्यांची लेकरं इथं बसलेली असतील. त्यांच्यासमोर 'त्यानं धीर धरायला पाहिजे होता' असं मी म्हणणार नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवायला आपण गेलो होतो का, हा प्रश्न आधी.

कुसुमाग्रजांची एक कविता आहे, 'कणा' नावाची. शाळेत शिकलेल्यांना पाठ असेल, मी म्हणून दाखवत नाही. पुरानं घर वाहून गेलेला एक पोरगा आपल्या जुन्या गुरुजींकडे येतो. गुरुजींना वाटतं पैसे मागायला आला. त्यांचा हात खिशाकडे जातो. त्याला पैसे नको असतात, त्याला पाठीवर हात हवा असतो. बस्स, एवढंच आहे. लोक टाळ्या वाजवतात त्या पोराच्या हिमतीला. वाजवाव्यात. पण मला नेहमी वाटतं, तो पोरगा आला कुठं, ते पाहा. गुरुजींच्या दारात आला. एवढ्या ताठ कण्याच्या पोरालाही हात मागावा लागला, आणि त्यानं तो मागितला. मागायला लाजला नाही. कारण पाठीची एक अडचण आहे. डोळे पुसायला स्वतःचा हात पुरतो, पोटावरून फिरवायला पुरतो. स्वतःची पाठ मात्र स्वतःला थोपटता येत नाही. करून पाहा! (हशा) हात पोहोचत नाही. तो दुसऱ्याचाच लागतो.

शेगावची पालखी पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड या वाटेनं आपल्या भागातून जाते. तुम्ही पाणी पाजता, पोळ्या देता, रात्री वारकऱ्यांचे पाय चेपता. पाय चेपता तशी पाठही विचारा. आणि वारीला निघणाऱ्यांनी चार गोष्टी ऐका, कीर्तनात हे कशाला म्हणू नका. पिशवी एकाच खांद्यावर महिनाभर अडकवू नका, दोन्ही खांद्यांवर वजन वाटा. खाली पडलेलं गठुडं कमरेतून वाकून, झटका देऊन उचलू नका. गुडघ्यात वाका, ओझं छातीशी धरा, मग उठा. हमालांनाही हेच सांगणं आहे. दुखलं म्हणून पंधरा दिवस खाटेवर पडू नका. त्या गादीला स्वतःचं रक्त जवळजवळ नाही, तिचं पोषण हालचालीनं होतं. सावकाश चाला. पण पायाला मुंग्या येऊन पाय लुळा पडायला लागला, बसायची जागा सुन्न झाली, लघवी-परसाकडचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोळणाऱ्याकडे नाही, अंगात येणाऱ्याकडे नाही. पाठदुखीसोबत रोज संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरत असेल तर तपासून घ्या, मणक्याचाही टीबी असतो आणि तो औषधानं बरा होतो. आणि पडलेल्या माणसाला, अपघात झालेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलू नका. आत तो लोण्यासारखा रज्जू आहे, सांगितलं ना मघाशी? फळीवर, आहे तसा सरळ घ्या. जीव वाचतो पण पाय जातात, असं उचलण्यामुळं होतं.

(गजर)

शेवटी भागवतातली एक माउली सांगतो आणि थांबतो. कृष्ण-बलराम मथुरेच्या रस्त्यानं चालले होते. समोरून कुब्जा आली. अंग तीन ठिकाणी वाकलेलं म्हणून गाव तिला त्रिवक्रा म्हणे. कंसाच्या घरी चंदन उगाळायची नोकरी. आयुष्यभर तिनं काय पाहिलं असेल? वाकलेल्या माणसाला लोकांचे पाय दिसतात, चेहरे दिसत नाहीत. आणि लोकांनीही तिची पाठच पाहिली, चेहरा पाहिला नाही. कृष्णानं विचारलं, हे चंदन कुणाचं? आम्हाला देशील? राजाचं चंदन, दिलं तर डोकं उडेल. पण तिनं दिलं. त्या वाकलेल्या बाईत एवढी हिंमत होती हे कंसाला कधी कळलं नाही. मग देवानं काय केलं? मंत्र म्हटला नाही, वर दिला नाही. आपली पावलं तिच्या पावलांवर ठेवली, दोन बोटं हनुवटीखाली लावली आणि वर उचललं. कुब्जा सरळ झाली.

पण एक गोष्ट पाहा. कंसाचं चंदन तिनं देवाच्या अंगाला लावलं ते आधी. पाठ सरळ झाली ती नंतर. कणा ताठ व्हायच्या आधीच ती ताठ झालेली होती. आणि सरळ झाल्यावर तिनं पहिल्यांदा कुणाचा चेहरा पाहिला? समोर पांडुरंगच उभा!

(टाळ्या, विठ्ठल विठ्ठल गजर)

आता मंडळी, महाप्रसाद आहे. पंगत जमिनीवर आहे. ज्यांना खाली बसवत नाही त्या मायमाउलींसाठी आणि म्हाताऱ्या मंडळींसाठी मांडवाच्या डाव्या अंगाला खुर्च्या मांडल्या आहेत. तरुण पोरांनी आधी त्यांना वाढायचं, मग पंगतीला. पहिला घास घेण्याआधी आपल्या शेजारच्याच्या पाया पडायचं, तो लहान असो की मोठा, आपली रीतच आहे ती. वाकवत नसेल त्यानं उभ्यानं हात जोडले तरी देवाला पोहोचतं. चला, टाळकरी उभे राहा. मृदंगवाले, तुमची पाठ दुखते, तुम्ही बसूनच वाजवा. घ्या भजन.

ज्ञानेश्वर माउली, ज्ञानराज माउली तुकाराम!